धाकट्या जावेचा पट्टा

...पट्टा घातला म्हणजे काय महाराणी झाली का हो ती? तुम्हाला सांगते, आमची धाकटी जाऊ हर्षदा, दिवसभर मोबाईलमध्ये डोकं, मान अवघडली, डॉक्टरनी मऊ पट्टा दिला, तर अर्धं अंबरनाथ बघायला! सासूबाई लगेच, "हर्षदा, उठू नकोस गं, चहा निशा आणेल." निशा म्हणजे मी! बोटं वाकडी झालेली, संधिवात, तोही रक्तात निघालेला, कित्येक वर्षं गोळ्या खातेय... पण जुन्या दुखण्याला कोण विचारतंय? जळणार नाही का माणूस?

त्यात वांगणीला नणंदेच्या रूपेशचा साखरपुडा. आमच्यात सुनांनी खुर्च्यांवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडायचं, एक जरी सुटला तरी वर्षभर ऐकायचं. हर्षदाला सगळे, "नको वाकू पोरी, पट्टा हाय ना!" आणि मी? वाकतेय, उठतेय, वाकतेय... आणि मान खाली घातली की मानेपासून थेट पायापर्यंत सण्णकन करंट! प्रत्येक म्हाताऱ्यामागे एक करंट, वर "सुखी राहा"! बोलले का मी? कशाला बोलू! "बघा, हर्षदाला पट्टा मिळाला, लगेच हिचीपण मान!" असंच सगळ्या म्हणाल्या असत्या. चालताना झोक जायचा, ब्लाउजची हुकं लागेनात, तरी गप्प. जळणार नाही का माणूस?

परवा उल्हासनगरला हर्षदाची तपासणी. तिची पर्स धरायला कोण? मीच! डॉक्टर म्हणाले, "काढा पट्टा, काही नाही झालेलं." काय गार वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात माझ्याकडे वळले, "तुम्ही अशा लडखडत का चालता? त्या पर्सचं बटण लावा बघू." लागेना! करंटचं सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. लगेच एमआरआय. संधिवातानं मानेचे वरचे मणके सरकलेत, मज्जारज्जू दाबला जातोय. "एखादा जोरात धक्का बसला असता तर हातपाय गेले असते, ताई. एवढे दिवस बोलला का नाहीत?" आता काय सांगू, जावेपायी? घाबरले हो मी, तिथेच रडले.

सोमवारी ऑपरेशन आहे. तोवर पडून राहायचं, गळ्यात हा कडक पट्टा, हनुवटीपासून छातीपर्यंत, तिच्यापेक्षा मोठा! सासूबाई स्वतः चमच्यानं चहा पाजतात, शेजारपाजार येतोय, आणि सगळ्यांना कपबशा देतेय कोण? हर्षदा! नणंद कानात सांगते, "वहिनी, बघ बघ, दारात उभी राहून कशी जळतेय!" अहो, बघू कशी? मान वळवायची नाही म्हणून डॉक्टरनी बजावलंय! जन्मात एकदा जाऊ माझ्यावर जळली, आणि मी बघतेय पंख्याकडे.