कुणाच्या घरची?

दुष्काळाचं दुसरं वरीस. गावोगावच्या घरांतून गोळा झालेली बाजरी पाटसच्या धान्य बँकेत गरजूंना मिळायची, आणि ती मापून द्यायला यंदा रतनबाई बसली होती. गेल्या साली ती स्वतःच या रांगेत उभी होती. मधे गोणपाटाचा पडदा. पलीकडून कुणा सासू-सुनेची कुजबुज तिच्या कानावर आली.

"सायली, मागं फिर. मला न्हाई जमायचं."

"आत्याबाई, घरी पोरं काय खातील?"

"आगं, मागल्या साली आपण हितं गाडीभर बाजरी घातली व्हती."

"मग आपलीच समजून घ्या."

"आन् वाटायला मीच बसले व्हते."

"ठावं हाय. येईल त्या बाईला तुमी मोठ्यानं इचारत व्हता, कुणाच्या घरची गं तू?"

"खरा गरजू कळाया नको व्हय?"

"एक बाई नवऱ्याचं नाव सांगताना रडली, आत्याबाई."

पडद्याअलीकडं रतनबाईच्या हातातलं माप बाजरीतच थांबलं.

"आता मला कुणी तसंच इचारलं तर गं?"

"सांगायचं."

"तुझ्या मामंजींचं नाव घेऊ? ह्या रांगेत?"

"हळू बोला. आपला नंबर आला."

पडदा सरला. म्हातारीनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढला होता. तिनं पिशवी कशीबशी पुढं केली.

"बाई, मी भांडगावच्या..."

"मी इचारलं का?" रतनबाई खेकसली. "पिशवी नीट धरा. बाजरी सांडंल."