गाडीत बसवून दिलेला सुरेश

आबा, नाना, जमलेल्या भावांनो, आयाबायांनो,

बाईमाणूस मी, कधी माईकपुढं उभी राहिले नाही. पण आज गप्प बसले तर माझं घर बुडेल, म्हणून बोलते.

सुरेश माझा पुतण्या. पलटणीतून मुदतीआधी, पण रीतसर नाव कमी करून आला. बाप गेला तेव्हा रजा मिळून घरी पोचेपर्यंत तेरावं उरकलं होतं. आई एकटी, डोळ्यांनी अधू. मला म्हणाला होता, "काकू, मना जीव तठे लागस नही." तिथं त्याचं मनच रमेना.

आणि गावानं काय केलं? पोरगा पळून आलाय म्हणे! समजूत काढू म्हणे! हार घातला, नारळ फोडला, बँड लावला, अन् पाचोऱ्याला नेऊन गाडीत बसवून दिलं. अहो, तो सांगत होता ना, "पलटणीतून माझं नाव कमी झालंय, आता मला कोण घेणार?" बँडच्या आवाजात कोण ऐकतो! कोणाच्या मनात वाईट नव्हतं. म्हणून तर मला जास्त भीती वाटते.

तो भुसावळला उतरला. मागं यायची लाज, पुढं जायला जागा नाही. रावेरला केळीचे ट्रक भरत राहिला. कावीळ झाली तरी घरी कळवलं नाही. "बठ्ठा लोके काय म्हंतीन?" सगळे लोक काय म्हणतील, एवढंच बोलायचा, असं बरोबरचे हमाल सांगत होते. परवा घरी आला, तो चौघांच्या खांद्यावर.

आता ऐका. माझा पोरगा गोपाळ कालपासून घरी आहे. तोही पलटण सोडून आलाय. का, ते मला माहीत नाही. विचारायला जीभ रेटत नाही. भाकरी पुढं ठेवते, अर्धी तशीच राहते. बाहेर कोणी खाकरलं तरी दचकतो. आणि आज सकाळी ओट्यावर मी माझ्या कानांनी ऐकलं, "चार माणसं जाऊ, पोराला समजावू."

नका हो येऊ! हात जोडते. यायचं तर चहाला या. कापूस वेचायला हाक मारा, पत्ते खेळायला बसवा. का आलास, ते विचारू नका. सांगायचं तेव्हा तो सांगेल. तेव्हा मात्र मध्ये कोणी बोलू नका. साहेबलोकांनी पोरांना वेळेवर रजा द्यावी, हे खरं. पण ते का माझं ऐकणार? तुम्ही तरी ऐका.

नाना, सुरेशसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचंय ना? राहू या. फक्त हळू उठा, बाबांनो. समोरच माझं दार आहे. एवढी माणसं एकदम उठली, तर आत गोपाळला वाटेल, त्यालाच न्यायला निघाली.