अजरकांती तेलाचं वाण

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय बद्रीनाथरावजी, जालन्याहून मुद्दाम आलेले पाहुणे, हारांमधून जेमतेम तोंड दिसणारे आपले सत्कारमूर्ती, वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख प्राध्यापक शरदचंद्र सर, सौभाग्यवती वहिनी, माझे सहकारी, विद्यार्थी आणि तीर्थपुरीकर बंधू-भगिनींनो,

मला चार गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, गोडाची सवय कमी. तरी प्रयत्न करते.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी सरांना ऋषी म्हटलं, संशोधक म्हटलं. एका वक्त्याने तर सरांनी म्हातारपणाला हरवलं, असं सांगितलं. मग म्हातारपणाला हरवलेल्या माणसाला आपण आज वयोमानानुसार निरोप का देतो आहोत, हे मात्र मला विचारू नका.

या पराक्रमाचं नाव अजरकांती तेल. आपल्या प्रत्येकाच्या खुर्चीवर भेटपिशवीत त्याची बाटली ठेवलेली आहे. कृपया अजून उघडू नका. बावचीच्या बियांचा अर्क, सुरकुत्या घालवतो, शंभर टक्के नैसर्गिक, असं तिच्यावर छापलेलं आहे. छपाई फार सुंदर आहे, तिचं मी मनापासून कौतुक करते.

आता, बावची ही आपल्याच बांधावर उगवणारी वनस्पती. तिच्या बीमध्ये सुरकुत्यांवर गुण देणारं एक द्रव्य आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याच बीमध्ये दुसरंही एक द्रव्य आहे. ते कातडीला लागलं आणि वरून ऊन पडलं, की कातडी भाजते. म्हणून ही दोन्ही आधी वेगळी करावी लागतात. त्याला यंत्र लागतं, वेळ लागतो आणि थोडी अक्कलही लागते. सरांनी कच्चाच अर्क तिळाच्या तेलात मिसळला, वर अत्तर टाकलं आणि झाकण लावलं. मी प्रयोगशाळेत त्यांना सांगितलं, सर, हे लावून बाई उन्हात गेली तर भाजेल. सर हसले. म्हणाले, "मॅडम, ही झाडाची गोष्ट आहे, तुमच्या ॲसिडची नव्हे." ज्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यांना कातडीवर फोड आणणारा बिब्बासुद्धा झाडालाच लागतो, हे मी कोणत्या तोंडाने सांगायचं?

मंग संक्रांत आली. सरांच्या गल्लीत मालनबाई राहतात. ब्लाउज शिवतात, इथे बसलेल्या अर्ध्या भगिनींच्या अंगावर त्यांचीच शिलाई असेल. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे हळदीकुंकू असतं. सरांनी त्यांच्याकडे बाटल्यांचं खोकं पाठवलं. यंदा वाण म्हणून हेच लुटा, खर्चा माझा, असा निरोपही दिला. केवढं हे औदार्य. आपल्या बाया वाण नाकारत नाहीत, आणि घरी नेऊन नुसतं ठेवतही नाहीत, हे सरांना बराबर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. त्या सकाळी आपल्याकडे काय करतात? न्हाऊन अंगणात गोवऱ्या पेटवायच्या, वर दुधाचं बोळकं ठेवायचं आणि दूध उतू जाईपर्यंत सूर्याकडे तोंड करून बसायचं. सणाचा दिवस, म्हणून वाणाचं तेल तोंडाला चोपडून बाया सूर्यासमोर बसल्या. तिथून उठून दिवसभर हरभऱ्याच्या रानात गेल्या. दोन दिवसांत गल्लीतल्या बायांच्या तोंडावर फोड आले. फोड गेले, काळे डाग राहिले. ते अजून आहेत.

त्यांतल्या दुर्गाबाई सत्तरीच्या घरात आहेत. दवाखान्यात मला म्हणाल्या, "माझ्या सुरकुत्यांनी कुणाचं काय घोडं मारलं व्हतं? म्या काय तेल मागाया गेल्ते का?" सर, आपल्या संशोधनावर एवढा नेमका अभिप्राय दुसरा कोणी दिला असेल, असं मला वाटत नाही. सत्तर वर्षं रानात राबलेल्या बाईच्या तोंडात खोट काढणाऱ्या माणसाची मला शिसारी येते. समारंभ असला तरी येते.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. लोक म्हणू लागले, मालनबाईने जळून तेलात बिब्बा घातला. त्यांच्याकडे शिवायला कोणी येईना, पोरींना त्यांच्या दारापुढून जाऊ देईनात. मालनबाई सरांच्या घरी गेल्या. बाटल्या तुम्ही दिल्या, एवढंच गल्लीत सांगा, म्हणाल्या. सर काय बोलले? "माझ्याकडून निघालं तेव्हा तेल शुद्ध होतं. पुढं कुणी काय मिसळलं, ते मी कसं सांगू?" हे मला मालनबाईंनी सांगितलं, आणि वहिनींनी नाकारलं नाही. वहिनी, मान खाली घालू नका, तुमचा काय दोष?

तेल बिघडलं, ती चूक म्हणू. या वाक्याला मी चूक म्हणत नाही. याला आमच्याकडे हलकटपणा म्हणतात.

असो. बाहेर पटांगणात आता सामूहिक फोटो आहे. ऊन कडक आहे. ही माझ्या पिशवीतली बाटली, झाकणाचं सील तसंच आहे, मालनबाईंचा हात हिला लागलेला नाही. सर, घ्या. दोन्ही गालांना लावा आणि चला. घ्या ना. वेळ संपल्याची चिठ्ठी मिळाली अध्यक्ष महाराज, आभारी आहे. सर, हात का मागे घेतलात?

सभागृहाने पाहिलं. आता कोणी बिब्ब्याचं नाव काढू नये.

मला बोलू दिलं, याबद्दल संस्थेचे आभार. मांडववाल्यांचे, आचाऱ्यांचे आभार. मालनबाई, माझ्या शब्दाखातर तुम्ही या हॉलमध्ये आलात, तुमचे उपकार मी विसरणार नाही. शेवटी बोलण्यातल्या उणिवांची माफी मागायची असते. माझा एखादा शब्द जड गेला असेल तर पोटात घाला, मी माफी मागते. सरांनी मागायची राहिली आहे. मालनबाई मागे दाराशी उभ्या आहेत. माईक मी चालू ठेवून जाते.