सूज न आलेला दंश

आजचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच सनोबरबाईंचे विभागप्रमुख डॉ. मितेश सर, व्यासपीठावरील पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती डॉ. सनोबर मुकादम, त्यांचे पती महंमदभाई, परिचारिका भगिनी, विद्यार्थी आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे पाहणारे माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

मी मारियान डिसोजा, या महाविद्यालयातली भूलतज्ज्ञ. माणसांना झोपवणं हा माझा व्यवसाय. आज तो प्रयत्न करणार नाही.

मघाशी मानपत्रात सनोबरबाईंच्या सेवेचं खूप कौतुक झालं. 'संशोधन' हा शब्द आला, तेव्हा मात्र वाचणाऱ्यांनी घाईने पान उलटलं. महंमदभाई, आपण होड्यांच्या इंजिनांचे व्यापारी, म्हणून आपल्यासाठी सांगते. वैद्यकीय नियतकालिकांतल्या लेखांनाही उच्च-नीच असतं. सर्वांत वर मूळ संशोधन. ते आमच्याकडे कसं होतं? वर्गातल्या मुलांना विचारायचं, "हात धुता का?" मुलं हो म्हणतात, तक्ता तयार. मग आढावा लेख, म्हणजे इतरांनी लिहिलेलं आपल्या नावाने पुन्हा लिहिणं. संपादकीय, म्हणजे मित्राच्या आढाव्याला शाबासकी. तळाला रुग्णवृत्त, एका आजारी माणसाची हकिगत, आणि त्याच्याही खाली संपादकांना पत्र. बढतीच्या वेळी ही शेवटची दोन आमच्याकडे कोणी धरत नाही. आजारी माणूस भेटतो तो नेमका तिथेच.

सनोबरबाईंना भेटला तो गंगाराम. मालवणचा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा कोळी. जाळ्यातले मासे सोडवून घरी गेला आणि संध्याकाळी अंग आखडलं. आमच्या तरुण डॉक्टरांनी अंगदुखीची गोळी दिली. बाई तिथून जात होत्या. त्याच्या पापण्या मिटताहेत हे पाहून थांबल्या.

"लघवी कसली जाता रे?"

"कोऱ्या चायसारखी."

"जाळ्यात साप होतो काय?"

"होतो एक. पण तो चावलो नाय, डॉक्टर. चावलो असतो तर दुखला असता."

समुद्री सापाचा दंश दुखत नाही, तिथे सूजही येत नाही. विष स्नायू विरघळवतं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. बाईंनी त्याच्या बोटावरचे बारीक ठिपके शोधले, दुसऱ्या इस्पितळात डायलिसिसची सोय केली, स्वतः रुग्णवाहिकेत बसल्या. गंगाराम वाचला.

मग त्यांनी रुग्णवृत्त लिहिलं. मोठ्या नियतकालिकाचं उत्तर आलं की आम्ही रुग्णवृत्तं घेत नाही. आजचे अध्यक्ष मितेश सर तेव्हा म्हणाले होते, "मॅडम, एका कोळ्याची गोष्ट म्हणजे विज्ञान नव्हे." शेवटी एका छोट्या नियतकालिकाने ते छापलं. ते किनाऱ्यावरच्या काही डॉक्टरांनी तरी वाचलं.

पुढे सरांनी भारतातल्या सर्पदंशावर आढावा लिहिला. संदर्भांची लांबलचक यादी, त्याच अंकात त्यावर स्तुतिपर संपादकीय, आणि सर प्राध्यापक झाले. समुद्री सापांना एक परिच्छेद मिळाला. त्यात लिहिलं होतं की दंशाच्या जागी सूज नसेल, तर विषबाधेची शक्यता नाही. हे फुरशाच्या बाबतीतलं वाक्य. उतरवताना जमिनीवरचा साप समुद्रात गेला. सर मसुऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत व्याख्यानं देत फिरले, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. साप पाहिला असता तर आलं असतं.

मग दुसऱ्या एका बंदरात जाळं झाडताना सुभद्रा नावाच्या बाईला दंश झाला. तिथल्या डॉक्टरांनी आढावा वाचलेला होता. सूज नव्हती. त्यांनी तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिला मान उचलता येईना, तेव्हा त्याच दवाखान्यातल्या सॅन्ड्रा या परिचारिकेने सनोबरबाईंना फोन लावला. आमच्याकडे आणली तेव्हा ती श्वासही घेत नव्हती. नळी मीच घातली. कृत्रिम श्वासावर किती दिवस होती, हे तिच्या मुलींना विचारा. वाचली. पण आजही तिचं डायलिसिस चालू आहे.

बाई सरांच्या खोलीत गेल्या. मी सोबत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, ते वाक्य काढून टाका. माणसं मरतील."

सर म्हणाले, "दुरुस्ती छापली तर माझी किंमत काय राहील?"

बाईंनी संपादकांना पत्र लिहिलं. नियतकालिकाने दुरुस्ती छापली, शेवटच्या पानावर. त्यानंतर बाईंची बढती दरवर्षी पात्रतेअभावी राहिली. आज त्या ज्या पदावर निवृत्त होत आहेत, त्याच पदावर असताना त्यांनी गंगारामला तपासलं होतं.

काल मी विचारलं, "बाय, तुका राग येणा नाय?"

म्हणाल्या, "येता तर. पण सुभद्राचा पुढचा डायलिसिस मंगळवारी आसा. तिका गाडी नाय, मी नेतलंय."

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. आता बहुधा पुन्हा देणार नाहीत. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सनोबरबाईंनी ते पोटात घालावं. व्यासपीठावरच्या इतर कोणी पोटात घालू नये, एवढीच नम्र विनंती.