कोपऱ्यातला शाळू

सातारा स्टँडवर मी दहिवडीच्या एस.टी.ची वाट बघत होतो. मागच्या बाकावर मांडीवर बायबल घेतलेली एक म्हातारी आणि तिच्या गावचा आकाराम बोलत होते.

"आवं मार्थामावशी, तुमच्या गड्यांनी खालच्या कोपऱ्यातला शाळू तसाच ठिवलाय की."

"मीच ठिवाय सांगितलाय. आमच्या शास्त्रात हाय, शेत पार कोपऱ्यापतुर कापू नगं, गरिबाला ऱ्हाऊ दे."

"लिवलेलं समदं करायचं आसतंय व्हय? लोकं कणसं चोरून न्हेतील."

"चोरतील कशाला? त्यांचीच हायती ती."

"मग राखण तरी करा."

"राखण? सरवा, मागं ऱ्हायलेली कणसं, येचाय बाया आल्या, की मी रानातल्या घरात जाती आन् दार लावून घेती."

"दार कशाला?"

"कुणी बघत आसलं, की येचणारीची मान वर हुईत न्हाई. मीबी येचलाय रं सरवा. मला सवताचं रान नव्हतं तवा, तुमच्याच शेतात."

"आमच्या? आन् आमचं अण्णा काय म्हणायचं?"

"काय न्हाई. बांधावर उभं ऱ्हायचं, आमच्याकडं पाठ करून. माझी वटी भरूस्तवर एकदाबी वळलं न्हाईत."

"अण्णा कवा बोललं न्हाईत ह्ये."

"बोलायला त्यांनी बघितलं कुठं व्हतं? कोपरा ठिवायचं शास्त्रात लिवलंय, आकाराम. दार लावायचं न्हाई लिवलेलं. ते मी तुझ्या अण्णांकडनं शिकले."