नऊ पदरांची वात

मनकर्णा : अन् हा तिसरा पेला?

प्रभावती : तोही तडकला. सकाळी पोथी वाचत होते तेव्हा मागं आवाज झाला, टक्क. अध्याय संपेपर्यंत वळून पाहिलं नाही.

मनकर्णा : पेला तडकल्याचं कळलं, तरी बसून ऱ्हायलात?

प्रभावती : अध्याय अर्धा सोडतात का, मावशी?

मनकर्णा : न्हाई सोडत. पर घरात पाणी प्यायला एखादा पेला ठेवलाय का?

प्रभावती : दोन उरलेत. एक आज लागायचा. पंचांसमोर ठरलंय, आज संध्याकाळच्या आरतीला पेल्यातला दिवा देवळात लावायचा आणि उद्याच्या आरतीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. जळत राहिला, तर नवरात्रात दिवा. विझला, तडकला, काजळी धरली, तर व्यंकटराव भाऊजींनी परभणीहून लाल बल्ब आणून ठेवलाय. परवा घट बसतात.

मनकर्णा : सगळा घात त्या उंदरानं केला बगा.

प्रभावती : त्याला तरी काय बोलायचं. गेल्या साली पाचव्या माळेला जळती वात तोंडात धरून पळाला. सासूबाईंची रुंद हंडी फुटली, देवीच्या लुगड्याचा काठ जळाला. भाऊजींचं म्हणणं चुकीचं नाही. देऊळ पेटलं असतं.

मनकर्णा : तेलातली वात म्हंजे उंदराला पुरणपोळीच.

प्रभावती : म्हणून तर या खेपेला करडीच्या तेलात मेण कढवून पेल्यात ओतलं. निवलं की खरवसासारखं घट्ट बसतं. वात त्यात रुतलेली. उंदीर तोंड घालणार कुठं?

मनकर्णा : मेण देवीला चालतं व्हय?

प्रभावती : पंचामृतात मध चालतो. मेण तर मधाचंच घर.

मनकर्णा : डोकं लय चालवलंत. मग अडलंय कुठं?

प्रभावती : वातीत. कंदिलाची पट्टी लावली, ती घटकाभरात मिणमिणली. एकपदरी लावली, ती आपल्याच वितळलेल्या तेलात बुडाली. मग नेहमीची नऊपदरी लावली. चार बोटं ज्योत, पेला काळाकुट्ट, आणि टक्क. एकदा नाही, तीनदा.

मनकर्णा : पाच पदरांची लावा की मग.

प्रभावती : नाही. नऊ माळा, नऊ पदर. सासूबाईंनी एकवीस वर्षं चालवलं, मी बारा. माझ्या हातून पदर कमी होणार नाही. बल्ब आला तरी.

मनकर्णा : बल्ब आला तर नेमच गेला की वो. मग ते नऊ पदर काय फडताळात ठेवायचे?

प्रभावती : काल भाऊजीही हेच म्हणाले. घरी येऊन देवापुढं रडले थोडं.

मनकर्णा : रडू नगा. वात दावा.

प्रभावती : ही.

मनकर्णा : अगं माय. ही वात हाय का बैलाचा कासरा? कापूस कुठला ह्यो?

प्रभावती : सेलूच्या जिनिंगवरून मुद्दाम मागवलाय. लांब धाग्याचा, पांढराशुभ्र.

मनकर्णा : दिसायला देखणा, पर तेल पिईना. आमचा गावरान कापूस आखूड, खरबरीत. पर थेंब पडायचा उशीर, गपकन् पितो. जखम पुसायला आमी त्योच घेतो. अन् हे चिकट काय लागायलंय हाताला?

प्रभावती : दूध. बोटांना दूध लावून वळते मी वाती. देवीची वात, कोरड्या हातानं कशी वळायची?

मनकर्णा : किती दूध?

प्रभावती : पहिल्यांदा बोटभर. पेला तडकला तेव्हा मग चमचाभर. आज... अर्धी वाटी.

मनकर्णा : म्हंजे पेले तडकायलेत अन् तुमी दूध वाढवायलात?

प्रभावती : मला वाटलं, भक्तीत काही उणं राहतंय.

मनकर्णा : खरं सांगा, वातीच्या डोक्यावर गुल धरला हुता का? काळं बोंड?

प्रभावती : फूल आलं होतं. तिन्ही वेळा. देवीनं फूल दिलं म्हणून मी कातरलं नाही. हळदकुंकू वाहिलं.

मनकर्णा : हसू का रडू मी आता? वैनी, ते फूल न्हाई. दूध उतू गेल्यावर चुलीला जी करप धरती ना, तीच ती. तिच्यापायी ज्योत फाकती, काजळी सुटती, काच तापती. अन् तुमी तिलाच हळदकुंकू वाहिलं.

प्रभावती : पण बारा वर्षं तर असंच वळतेय.

मनकर्णा : बारा वर्सं हंडी रुंद हुती, खपून गेलं. ह्यो पेला हाय, गळ्याशी चिंचोळा. ह्याला माफी न्हाई.

प्रभावती : मग हाताला लावू काय?

मनकर्णा : राख. देवीचा अंगारा हाय ना घरात? त्यो तर नेमाला चालतो?

प्रभावती : चालतो.

मनकर्णा : मग बसा अशा माज्यासमोर. ह्यो कापूस माज्या रानातला, सरकी हातानं काढलेली. आता सांगा, सासूबाईनं पदर किती म्हणून सांगितले?

प्रभावती : नऊ.

मनकर्णा : अन् पदर किती जाड, ते?

प्रभावती : ते... नाही सांगितलं. त्यांच्या हाताकडं बघून शिकले मी. त्यांची बोटं जाड होती.

मनकर्णा : झालं तर. बोटं त्यांची, नेम देवीचा. शेवयीसारखा काढा एकेक पदर. आणखी बारीक. आणखी.

प्रभावती : तुटला.

मनकर्णा : तुटू द्या. कापसाला काय तोटा हाय? वढू नगा, फिरवा. हां, असं.

प्रभावती : हा सहावा. दिसत तरी आहे का, मावशी?

मनकर्णा : दिसूच नये. नऊ मिळून गव्हाच्या काडीएवढं झालं पायजे. अन् तळाशी ती उभी कशी ऱ्हाणार?

प्रभावती : ते मी केलंय. ही कवडी. हिच्या दातात वातीचं टोक अडकवते, मग वरून तेल ओतते.

मनकर्णा : आता माज्यापरीस हुशार झालात. ओता.

(दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, देवीच्या देवळात.)

व्यंकटराव : दरवाजा मीच उघडणार. मागून कुणी म्हणायला नको, मनकर्णाबाईनं मधे तेल ओतलं.

मनकर्णा : कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या कंबरेला. म्या काय फटीतून तेल ओतलं?

व्यंकटराव : फटीतून दिसतं बरोबर. दुपारी एकदा पाहून गेलो मी.

मनकर्णा : तीनदा, मालक. म्या पारावरच बसले हुते.

प्रभावती : भाऊजी, उघडा.

व्यंकटराव : उघडतो. ...हं.

मनकर्णा : हं म्हंजे?

व्यंकटराव : जळतोय.

मनकर्णा : नीट बगा. डोळ्यानं कमी दिसतंय तुमाला.

व्यंकटराव : जळतोय म्हटलं ना. पण तहकीकात पुराव्यानं होते. काजळी धरते का बघायला काल देवीच्या मागं पांढरा रुमाल टांगून गेलो होतो मी, तुम्हाला न सांगता.

प्रभावती : मला दिसला होता.

व्यंकटराव : आणि तरी काढायला सांगितलं नाही?

प्रभावती : कशाला सांगू? असू दे म्हटलं.

मनकर्णा : काढा रुमाल. उजेडात धरा. उलटा करा. मालक, काय दिसतंय?

व्यंकटराव : पांढरा आहे. नाकाशी धरला तर थोडा मधाचा वास येतो. पेलाही कुठं तडकलेला नाही. तळाला दोन बोटं तेल बाकी आहे. आणि इथं, हे बघा, लेंड्या.

मनकर्णा : उंदीर येऊन गेला म्हणा की.

व्यंकटराव : पेल्याभोवती चक्कर मारून गेलाय.

मनकर्णा : प्रदक्षिणा घातली बिचाऱ्यानं.

व्यंकटराव : वहिनी, पदर मात्र तुम्ही कमी केले असणार. एवढीशी वात.

प्रभावती : ही त्याच्याच जोडीची, जास्तीची वात. उलगडून बघा.

व्यंकटराव : दोन... चार... हे काय, शेवया आहेत का? सात... आठ... नऊ. नऊच आहेत.

प्रभावती : नऊच असतात.

व्यंकटराव : पंचांसमोर मी शब्द दिला होता. फैसला तुमच्या बाजूनं. उद्या बल्बची तार काढून घेतो.

प्रभावती : तार राहू द्या, भाऊजी. बाहेर मंडपात लावा. बायका फेर धरतात तिथं, उजेड कमी पडतो. आतला दिवा मात्र माझा.

मनकर्णा : काय म्हणालात?

प्रभावती : माझा म्हणाले. चुकलं का?

मनकर्णा : न्हाई चुकलं. बारा वर्सांत पयल्यांदा ऐकलं म्हणून इचारलं.

व्यंकटराव : मग आता हा विझवून नवा लावायचा?

प्रभावती : विझवायचा कशाला? अखंड आहे. याच्यावरूनच दुसरा लावते. मावशी, तो भरून आणलेला पेला द्या.

व्यंकटराव : माझ्याकडं द्या. मी धरतो.

मनकर्णा : तुमी?

व्यंकटराव : चोवीस तास पहारा केलाय मी त्याचा. एवढा हक्क आहे मला. असा धरू, वहिनी?

प्रभावती : थोडा खाली. हं. ...लागला.

मनकर्णा : मालक, आता तरी गळा मोकळा करा. म्हणा, उदो.

प्रभावती : म्हणा, पण हळू म्हणा. आत्ताच लागलाय.