क्रॉसबोला विरोध

"धनुष्य माणसाच्या दंडानंच ताणलं पाहिजे! यंत्रानं ताणलं, की विस्कॉन्सिनची शिकार संपली!" हरणाच्या शिकारीत सर्वांना क्रॉसबो, म्हणजे खटक्याचं धनुष्य, वापरू द्यावा का, यावर शाळेच्या सभागृहात मतदान होतं. माझ्यामागे म्हातारे एलरॉय मित्रापाशी गरजत होते.

"एलरॉय, तुझ्या धनुष्याला ताण हलका करणाऱ्या कप्प्या आहेत, त्या काय देवानं बसवल्या?"

"कप्प्या वेगळ्या! ताणतो मीच. क्रॉसबोचा नुसता खटका दाबायचा? हरणाला मरायची लाज वाटेल, गॉर्डी!"

"मग गेल्या मोसमात मचाणावर नुसती कॉफी का पीत बसलास?"

"वारा होता."

"मोसमभर?"

"लेका, तू कुणाच्या बाजूचा?"

"ऐक, ते बघ, विरोधातले हात वर करा म्हणतायत."

"गॉर्डी, जरा माझं कोपर वर उचलून धर. खांद्याच्या वर जात नाही."